तणसाखालची जीप

आरमोरीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठच्या एका गावात डिसेंबरच्या सकाळी आम्ही एका गोठ्यासमोर उभे होतो. धान चुरून झालं होतं आणि तणसाचा ताजा ढीग वळचणीला टेकला होता. घरच्या मुलानं दोन्ही हातांनी तणस बाजूला सारलं. आधी एक सपाट काच दिसली, मग उंच बॉनेट, मग त्याच्यासमोरच्या सात उभ्या फटी.

"आमच्या बाबांची जीप आहे जी," तो म्हणाला. "बाबा गेले तेव्हापासून हालली नाही."

माझ्यासोबत नागपूरचा एक मित्र होता आणि चंद्रपूरचे एक मिस्त्री. मिस्त्रींचं आयुष्य कोळसा खाणीच्या गाड्यांखाली गेलेलं. मित्राला जुनी गाडी घेऊन ती पुन्हा उभी करायची होती. गेलं वर्षभर त्याच्या डोक्यात एक स्टुडबेकर घोळत होती. पन्नासच्या दशकातली, गोलाईदार, विमानासारख्या नाकाची अमेरिकन मोटार, आणि मागितलेला भाव आश्चर्य वाटावं इतका कमी. "एवढी दुर्मिळ गाडी पुन्हा मिळणार नाही," असं तो म्हणायचा. तीच तिच्यातली अडचण आहे, हे मी त्याला वर्षभर सांगत होतो. जी गाडी पुन्हा मिळणार नाही, तिची काचही पुन्हा मिळणार नाही.

जुनी गाडी घ्यावी का, या प्रश्नाला माझं उत्तर 'घ्यावी' असंच आहे, आणि मनापासून आहे. पण कोणती घ्यावी हे गाडीच्या कीर्तीवरून ठरवू नये. तुम्ही राहता तिथल्या पन्नास-साठ किलोमीटरच्या टापूत कोणते हात आणि कोणता माल मिळतो, त्यावरून ठरवावं. चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्यासाठी हा हिशेब मुंबई-पुण्यापेक्षा वेगळा निघतो. काही बाबतींत तो आपल्या बाजूचाही आहे, फक्त कोणी तो नीट मांडलेला नाही.

आधी जीपचं मूळ. 1940 साली अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीनं त्या सप्टेंबरात पहिला नमुना नेऊन दिला. पुढे मोठं उत्पादन मात्र विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेलं. दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. विलीजच्या मॉडेलचं नाव एमबी, फोर्डचं जीपीडब्ल्यू. दोघींचे भाग एकमेकींना बसत, कारण रणांगणावर दोन मोडक्या गाड्यांची एक धड गाडी करता आली पाहिजे, ही सैन्याची अट होती. ऐंशी वर्षांनंतर जीप उभी करणाऱ्या प्रत्येकाला ती अट उपयोगी पडते.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्र कंपनीनं विलीजच्या जीप सुट्या भागांतून जोडायला सुरुवात केली. ही कंपनी 1945 साली 'महिंद्र अँड मोहम्मद' म्हणून सुरू झाली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 साली नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. जोडणी माझगावात होत असे. पुढे कंपनीनं सीजे-थ्री-बी हे मॉडेल घेतलं. अमेरिकेत ते 1953 साली आलं होतं. त्याचं बॉनेट उंच आहे, कारण आतलं हरिकेन इंजिनच उंच आहे: युद्धकाळच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला बसत, हरिकेनमध्ये हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. इंजिनाचं आकारमान तेच, सुमारे 2,200 सीसी, पण ताकद वाढली. तणसाखालून आम्हाला दिसलेलं बॉनेट तेच होतं. अमेरिकेत हे मॉडेल 1968 साली बंद झालं. आपल्याकडे त्याचे वंशज त्यानंतर अनेक दशकं बनत राहिले.

म्हणजे ही गाडी दुर्मिळ नाही. ती घेण्यासारखी आहे ती त्यामुळेच.

ती या जंगलात का रुजली, हे गडचिरोलीचा नकाशा पाहिला की कळतं. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, पर्लकोटा. दर पावसाळ्यात भामरागडचा रस्ता पाण्याखाली जाणं आजही नवं नाही. पूल नव्हते त्या काळात नदीचं पाणी ओसरेपर्यंत थांबायचं आणि मग वाळूतून गाडी काढायची. बांबूतोडीचे कूप, तेंदूपत्त्याची फळी, सागाचे डेपो, कागद कारखान्याचा माल, वनखात्याची गस्त, दवाखान्याची गाडी, सगळं जीपवर चालायचं. रेल्वे वडशाला भेटते, त्यापुढे चाकांवरच भिस्त. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की वडशाहून निघणाऱ्या मंडळ्यांच्या सामानालाही अशाच गाड्या जुंपल्या जात.

जीप वाळूतून का निघते, याचं गणित सोपं आणि सुंदर आहे. युद्धकाळच्या जीपच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरचं प्रमाण 2.66, त्यामागच्या ट्रान्स्फर केसमध्ये 'लो' टाकल्यावर 1.97, आणि डिफरन्शियलमध्ये 4.88. तिन्हींचा गुणाकार केला की साधारण साडेपंचवीस येतो. म्हणजे इंजिन साडेपंचवीस वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. वेग माणसाच्या चालण्याइतका उरतो, पण चाकाशी पोचणारा जोर तितक्याच पटीनं वाढतो, आणि तो चारही चाकांवर वाटला जातो. साठ अश्वशक्तीच्या इंजिनानं नदीचं पात्र ओलांडता येतं ते यामुळे.

गोठ्यात मिस्त्रींनी सर्वांत आधी खिशातून लोहचुंबक काढलं. लहान मुलाच्या खेळण्यातलं वाटावं असं. दाराच्या कडेनं, मडगार्डवरून, मागच्या हौद्याच्या कोपऱ्यांवरून ते फिरवत गेले. जिथे चिकटत नव्हतं तिथे पत्रा नव्हता, पुट्टी होती. डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेत चुंबक घसरलं. "इथून सडली आहे," ते म्हणाले, "पण चौकोनी सडली आहे. चालते."

चौकोनी सडली आहे, या तीन शब्दांवर मी मित्राला पुढचा अर्धा तास समजावलं.

जीपचा पत्रा जवळजवळ सगळा सपाट आहे. जिथे वळतो तिथे साध्या घडीनं वळतो. सडलेला तुकडा कापून काढायचा, तेवढाच नवा पत्रा घडी करून बसवायचा, वेल्डिंग मारायचं. चंद्रपूरच्या एमआयडीसीत किंवा बल्लारशाच्या रस्त्यावरच्या कोणत्याही चांगल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात हे होतं. काचही सपाट. मुख्य काच फुटली तर शहरातला काचवाला मापानं कापून देतो. त्यानं फक्त सेफ्टी ग्लास वापरावी एवढा आग्रह धरायचा. आता स्टुडबेकरचा विचार करा. तिच्या पुढच्या-मागच्या काचा वळलेल्या आहेत. अशी काच साच्यात तापवून वळवावी लागते, एका काचेसाठी साचा करावा लागतो. तिच्या मडगार्डला दोन दिशांनी गोलाई आहे. तो पत्रा ठोकून काढणारा कारागीर देशात मोजक्या शहरांत भेटतो. तिच्या नाकावरची शोभेची पट्टी जस्ताच्या मिश्रधातूची. त्या काळच्या अशा धातूत अशुद्धी राहिली असेल तर तो आतून तडकत, फुगत जातो आणि हातात धरला की भुगा होतो. मग क्रोम चढवायचा कशावर?

इंजिनाचं तसं नाही. लोकांचा समज उलटा असतो: इंजिन बंद आहे म्हणून गाडी टाकून देतात आणि अंग चकचकीत आहे म्हणून विकत घेतात. लोखंडाचं इंजिन बहुधा परत येतं. सिलिंडर बोअर करता येतो, जास्तच झिजला असेल तर स्लीव्ह टाकता येते, क्रँक घासता येते, बुश लेथवर कातता येतात. इथे आपल्या दोन जिल्ह्यांचं एक धन आहे ते आपल्याला दिसत नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, महाऔष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना, राजुरा-कोरपन्याकडचे सिमेंट कारखाने, भद्रावतीची आयुध निर्माणी. या सगळ्यांच्या आसपास गेल्या दोन-तीन पिढ्यांत टर्नर, फिटर, वेल्डर, गिअर कापणारे, हायड्रॉलिकवाले असे कारागीर तयार झाले. डंपरच्या पिनेची सवय असलेल्या माणसाला जीपचा किंगपिन म्हणजे सुईदोऱ्याचं काम. पुण्यातल्या हौशी माणसाला जो भाग परदेशातून मागवावा लागतो तो इथला टर्नर नमुना पाहून दोन दिवसांत कातून देतो, आणि कित्येकदा मूळ भागापेक्षा चांगल्या पोलादातून.

दुसरं धन लाकडाचं. जुन्या गाड्यांच्या अंगात लाकूड असायचं हे आता फारसं कोणाच्या लक्षात नसतं. वीस-तीसच्या दशकांतल्या कितीतरी मोटारींचा सांगाडाच लाकडी असे, वर पत्रा ठोकलेला. इंग्लंडात त्यासाठी ॲश वापरत. युद्धकाळच्या जीपमध्येही तळाच्या पत्र्याखाली टोपीच्या आकाराच्या पोकळ पट्ट्या होत्या आणि त्यांत लाकूड भरलेलं होतं. जीप आधी कुजते ती तिथून: पाणी आत शिरतं, लाकूड ते धरून ठेवतं, आणि वरचा पत्रा आतून गंजत जातो, बाहेरून कळतही नाही. हे लाकूड बदलायची वेळ येते तेव्हा आपण जगातल्या उत्तम सागाच्या शेजारी राहत असतो. आलापल्ली-बल्लारशाचा साग 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी वाजतगाजत गेला. सागात स्वतःचं तेल असतं, म्हणून वाळवी त्याला सहसा शिवत नाही आणि ओल्या-कोरड्या हवेत तो फार फुगत-आकसत नाही. अशा पट्टीसाठी लागतो तो जेमतेम एक वासा. डेपोच्या लिलावातला माल घेतलेल्या आरागिरणीतून, पावतीसह घ्यावा. जंगलातून 'कोणीतरी आणून देतो' म्हणालं तर नको म्हणावं.

तर या टापूत जी गाडी लेथवर, वेल्डिंगवर आणि लाकडावर दुरुस्त होते ती घ्यावी. जिला वळलेली काच, खास रबर आणि क्रोमचे दागिने लागतात ती दुरून पाहावी. प्रीमियर पद्मिनी या दोन्हींच्या मध्ये बसते. तिची काच वळलेली आहे, पण मुंबईत कित्येक दशकं ती टॅक्सी होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून गेली. लाखो किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सींना भाग पुरवणारा बाजार एका रात्रीत आटत नाही. मुंबईत कुर्ल्याच्या भंगारात आणि पुण्यात नाना पेठेत अजून बरंच सापडतं.

मी स्वतः उभी केली ती पद्मिनीच. सहा महिने धरले होते, लागले सव्वीस. पैसे ठरवले त्याच्या अडीचपट गेले. इंजिनावर फारसे गेले नाहीत. गेले ते पत्र्यावर, आणि त्यातही एकदा केलेलं काम दुसऱ्यांदा करण्यात. रंगवणाऱ्यानं गंज नीट न खरवडता वर प्रायमर मारला, पहिल्याच पावसाळ्यात दारांना फोड आले. चूक माझीही होती, खरवडणं चालू असताना मी तिथे उभा राहिलो नाही. ती गाडी विकली असती तर घातलेले पैसे परत आले नसते, आणि हे अपवादानं घडतं असं नाही, असंच घडतं. नफा हवा असेल त्यानं दुसऱ्या कोणीतरी पूर्ण केलेली गाडी घ्यावी. ती स्वस्त पडते, कारण त्या माणसाची सव्वीस महिन्यांची मजुरी किमतीत धरलेली नसते. अर्धवट गाडी घ्यायची ती ते सव्वीस महिने हवे असतील तर.

मला ते हवे होते. मुलगा तेव्हा नववीत होता. कार्ब्युरेटर म्हणजे काय हे तो पुस्तकातून शिकला नाही, हाताला पेट्रोलचा वास लावून शिकला.

गोठ्यात परत येऊ. अंगाची तपासणी झाल्यावर मिस्त्री जीपखाली शिरले आणि मी घरात जाऊन कागद मागितले. माझा क्रम खरं तर उलटा असतो, आधी कागद, मग गाडी. पण शेतकऱ्याच्या अंगणात उतरल्या उतरल्या कागद मागणं बरं दिसत नाही.

कागद एका डालड्याच्या डब्यात होते. आरसी बुक पिवळं पडलेलं, पण अक्षर शाबूत. पहिली नोंदणी 1966. गडचिरोली जिल्हाच 26 ऑगस्ट 1982 ला झाला, त्यामुळे ही नोंद अखंड चंद्रपूर जिल्ह्याच्या काळातली. नाव मुलाच्या बाबांचं. बाबा जाऊन अकरा वर्षं झालेली, आणि नाव कोणी बदललेलं नव्हतं.

ही या दोन जिल्ह्यांतल्या जुन्या गाड्यांची सर्वांत नेहमीची अडचण आहे. सात-बाऱ्यावर वारस नोंद होते, ट्रॅक्टरवरही होते, बंद जीपवर कोणाला करावीशी वाटत नाही. मृताच्या नावावरची गाडी कायद्यानं कोणी विकू शकत नाही. आधी फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करायची, बाकीच्या वारसांची संमती लागते. मग फॉर्म 29 आणि 30 भरून खरेदीदाराच्या नावावर. नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि तेही रखडलेलं. 20 वर्षांहून जुन्या हलक्या मोटारींच्या नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 रुपये झालं. शिवाय पर्यावरण कर, मागची थकबाकी. कोणी म्हणालं की "कागदाचं पाहून घेऊ नंतर", तर पैसे खिशात ठेवावेत. गाडी उभी राहायला दोन वर्षं लागतात, त्या दोन वर्षांत वारसांपैकी एखादा दुबईला जातो, एखादा रुसतो.

आणखी एक सापळा जीपमध्येच जास्त आहे. हरियाणाच्या टोकावरचं मंडी डबवाली हे गाव जीप बनवण्यासाठी देशभर माहीत आहे. सैन्याच्या लिलावातले भाग, नवीन ठोकलेलं अंग, आणि दिसायला अस्सल 1944 ची. कारागिरी चांगली असते. पण चेसिस कुठली, कागद कुठल्या गाडीचे, हे जुळेलच असं नाही. म्हणून चेसिस नंबर स्वतः वाचायचा. युद्धकाळच्या गाड्यांत दोन खुणा कामी येतात: फोर्डच्या चेसिसची पुढची आडवी पट्टी उलट्या 'यू'सारखी असते, विलीजची गोल नळी असते, आणि फोर्डनं आपल्या बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा 'एफ' कोरून ठेवला होता. एकच गाडी आपण विलीज असल्याचं सांगत असेल आणि तिचे बोल्ट फोर्डचे असतील, तर ती दोन गाड्यांची एक झालेली आहे. रणांगणावर हे योग्य होतं. आज त्याची किंमत वेगळी होते.

मिस्त्री खालून बाहेर आले, अंगाला तणस चिकटलेलं. चेसिस सरळ होती, नंबर वाचता येत होता, कमानपाटे बसलेले पण तुटलेले नव्हते. मग त्यांनी बॉनेट उघडलं आणि कोणी काही बोलेना.

आत हरिकेन नव्हतं. डिझेल इंजिन होतं.

यात आश्चर्य काही नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पेट्रोल महाग झालं तशी या भागातल्या कूप कंत्राटदारांनी, शेतकऱ्यांनी आपापल्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिनं बसवली. पुढे कंपनीनंही तेच केलं. महिंद्रच्या नंतरच्या जीपमध्ये पेजोच्या रचनेचं डिझेल इंजिन आलं. जी जीप दिवसभर बांबूच्या ट्रकमागे धावायची तिला पेट्रोल परवडणारच नव्हतं. त्या माणसांनी केलं ते शहाणपणाचं होतं.

पण आजचा कायदा त्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतो. 2021 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला 5,000. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. अशी गाडी रोज वापरता येत नाही, भाड्यानं चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, आणि त्यासाठी लागणारं इंधन भरणं नि दुरुस्ती, एवढ्याचसाठी ती रस्त्यावर येते. विकता येते, पण खरेदी-विक्री करणाऱ्यांनी 90 दिवसांत आपापल्या परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. आणि मुख्य अट: चेसिस, अंगाचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा.

या अटीनं या जिल्ह्यांतल्या बहुतेक जीप बाहेर पडतात. मला ती अट एका बाजूनं पटते. तिच्याशिवाय डबवालीची प्रत्येक नवी जीप उद्या वारसा म्हणून मिरवेल. पण दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर या जीपच्या पोटातलं ते डिझेल इंजिन हाच तिचा इतिहास आहे. मुंबईच्या गॅरेजात झाकून ठेवलेली मोटार जशीच्या तशी राहते, आणि कूपात राबलेली गाडी बदलते. जागतिक पातळीवर फिवा ही संस्था किमान 30 वर्षं जुन्या, इतिहासाला धरून जपलेल्या गाड्यांना ऐतिहासिक म्हणते, आणि गाडीच्या आयुष्यात झालेले त्या-त्या काळचे बदलही इतिहासाचा भाग म्हणून पाहता येतात, असा विचार तिकडे रुजलेला आहे. आपल्या नियमात त्याला जागा हवी असं मला ठामपणे वाटतं. नुसत्या राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइस म्हणजे या देशाचा मोटारींचा वारसा नव्हे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरच्या दशकापर्यंत 'मीरा' नावाच्या छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने बनवले, कारखाना मात्र उभा राहू शकला नाही. तोही आपला वारसा आहे, आणि आरमोरीच्या गोठ्यातली ही जीपही आहे.

मित्राचा चेहरा उतरला होता. त्याला व्हीए प्लेट हवी होती. मी त्याला दोन वाटा सांगितल्या. एक, डिझेल इंजिन आरसीवर नोंदलेलं असेल तर गाडी तशीच, नेहमीच्या नोंदणीवर उभी करायची, आणि वर्षातून काही वेळा जंगलच्या रस्त्यांवर चालवायची. माझ्या मते हीच चांगली वाट, कारण गाडी चालली तर टिकते. दुसरी, हरिकेन इंजिन शोधून परत बसवायचं, परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यायची आणि मगच 'व्हिंटेज'चा विचार करायचा. पण कुठलंही हरिकेन चालणार नाही. आरसीवर पहिल्यांदा लिहिलेला नंबर असलेलंच हवं. तसं इंजिन साठ वर्षांनी सापडणं म्हणजे मेळ्यात हरवलेला माणूस सापडण्यासारखं.

पेट्रोलवर जायचं तर आणखी एक गोष्ट आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साचतं, टाकी आतून गंजते, आणि जुन्या रबराचे पाइप, डायफ्रॅम, वॉशर फुगतात नाहीतर तडकतात. उपाय साधा: इंधनाच्या मार्गातलं सगळं रबर नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या जातीचं घालायचं, टाकी आतून साफ करून लेप द्यायचा आणि गाडी ठेवताना टाकी रिकामी करायची. ब्रेकचं तेलही ओल ओढतं. चंद्रपूरच्या पारा 48 अंशांच्या घरात नेणाऱ्या मे महिन्यात उतारावर ते पाणी उकळलं की पेडल थेट तळाला जातं. उभी असलेली गाडी घेतली की पहिल्यांदा ब्रेकचं तेल, पाइप आणि सिलिंडरचे रबर बदलायचे, इंजिन नंतर.

बंद इंजिनाला पहिल्याच दिवशी स्टार्टर मारायचा मोह होतो. मिस्त्री त्याला गुन्हा मानतात. प्लग किंवा इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडायचं, दोन दिवस मुरू द्यायचं, मग हँडल लावून हातानं हळूहळू फिरवून पाहायचं. रिंगा चिकटलेल्या असतील तर हात सांगतो, स्टार्टर सांगत नाही, तो मोडून टाकतो.

आम्ही अंगणात चहा घेत होतो तेव्हा मुलाची आजी बाहेर आली. तिनं आमचं बोलणं ऐकलं असावं. "जुनं इंजिन फेकलं नाही गा त्यानं," ती मिस्त्रींना म्हणाली. "कोठीत आहे. त्याच्यावर आम्ही चुलीची लाकडं ठेवतो."

कोठी म्हणजे घरामागची धान साठवायची खोली. लाकडं हलवली, त्याखालची गोणपाटं काढली, आणि खाली विटांवर एक इंजिन बसलेलं होतं. काजळी, धूळ, उंदरांनी आणलेला कापूस. पण ब्लॉक शाबूत, आणि वर उंच हेड. हरिकेन.

या इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या पुढच्या अंगाला, पाण्याच्या पंपाजवळ ठोकलेला असतो. मिस्त्रींनी तारेच्या ब्रशनं ती जागा घासली, मुलाला घरातून खडू आणायला सांगितला, खडू त्या जागेवर आडवा घासला आणि वरून बोट फिरवलं. खोलगट अक्षरांत पांढरी पूड राहिली. मित्र आरसी बुक हातात धरून एकेक आकडा वाचू लागला आणि मिस्त्री एकेक आकडा जुळवू लागले. पहिले चार जुळले. पाचव्यावर ते थांबले. गंजानं तो अर्धा खाल्ला होता. तीन होता की आठ, ते कळत नव्हतं.

"थोडं रॉकेल आण गा," मिस्त्री मुलाला म्हणाले, आणि खाली बसून पुन्हा घासायला लागले.